शेऱ्याचा रकाना

भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपचं लॉगबुक उघडा. तारीख, शिफ्ट, मशीन, जॉब, नग, रिजेक्शन आणि शेवटी 'रिमार्क'. हा रकाना कोरा असला की सुपरवायझर खूश. 'टूल तुटलं', 'लाइट गेली', 'मटेरियल नाही', एवढंच काय ते तिथं लिहिलं जातं. शिफ्टभर सगळे नग मापात उतरले, तर त्यावर कुणी अक्षर खर्च करत नाही. मात्र याच रिमार्कचा सख्खा भाऊ 'रिमार्केबल' बक्षीस समारंभात साहेबांच्या तोंडून दहादा ऐकावा.

*

शब्द इंग्रजीनं फ्रेंचकडून उचलला. त्यातला 'मार्क' जर्मॅनिक घराण्यातला, मूळ अर्थ शीव, हद्द. डेन्मार्कच्या शेपटीतला मार्क तोच. हद्दीवर खूण लागते, म्हणून पुढं खुणेलाच मार्क म्हणू लागले. सतराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत रुळलेल्या 'रिमार्केबल'चा अर्थ ध्यानात ठेवण्याजोगं, इतकाच. कौतुकाचा मुलामा नंतरचा.

'नोटेबल'चं मूळ तर आणखी अडचणीचं. लॅटिन 'नोटा' म्हणजेही खूणच. रोमचे सेन्सर गैरवर्तनी नागरिकाच्या नावापुढं ठपक्याची जी खूण करत, तीही नोटाच. म्हणजे आपल्या लॉगबुकाची रीत चांगली दोन हजार वर्षं जुनी निघाली!

*

आयटीआयत फिटरला मार्किंग शिकवतात. घासूनपुसून लख्ख केलेल्या पोलादावर मोरचुदाचं पाणी फासलं की तांब्याचा पातळ थर चढतो. जॉब सरफेस प्लेटवर ठेवायचा, उंची लावून स्क्राइबरनं रेघ मारायची. लालसर थरात ती चमकते. हाताळताना पुसली जाऊ नये म्हणून रेघेवर डॉट पंचचे ठिपके. कापणी झाल्यावर कडेला अर्धे ठिपके शिल्लक दिसले, तर काम रेघेवर उतरलं. यांना विटनेस मार्क म्हणतात, साक्षीदारच ते. रेघेच्या अलीकडचं लोखंड राहणार, पलीकडचं बुरादा होणार. शीव आणि खूण हे दोन्ही अर्थ इथं अजून एकत्र नांदतात. सीएनसी आल्यापासून हे काम कमी झालं, पण टूलरूममध्ये अजून चालतं.

*

सरकारी दप्तरात कळवण्यासारखं काही नसलं की 'निरंक'. जिल्हा परिषदेच्या शाळेत शेरेबुक असतं. साहेब भेट देऊन गेले की त्यात दोन ओळी. 'शेरा मारणे' हा वाक्प्रचार चांगल्या अर्थानं वापरलेला मी तरी ऐकला नाही.

*

चाकणचा संग्रामदुर्ग. 1660 साली शायिस्ताखानाच्या प्रचंड फौजेपुढं फिरंगोजी नरसाळ्यानं हा भुईकोट जवळजवळ दोन महिने झुंजवला. सुरुंगानं बुरूज उडाला तेव्हा कुठं तो पडला. हरलेल्या लढाईची अशी नोंद राहणं दुर्मीळच. आज गावातच तटाचे अवशेष आहेत. एमआयडीसीकडं जाणाऱ्या ट्रकवाल्याला चाकण म्हणजे ट्रॅफिक, शेतकऱ्याला कांद्याचा बाजार.

*

पिंपरीची नोंद करायची तर मोटारी, स्कूटर, 'श्रीमंत महापालिका' एवढ्यावर लोक थांबतात. मी एचए कंपनीपासून सुरुवात करीन. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स इथं उभी राहिली, ती मुख्यतः पेनिसिलिनसाठी. पण 1960च्या दशकात तिथल्या एम. जे. तिरुमलाचार यांच्या संशोधनातून हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध निघालं. नावातली पहिली दोन अक्षरं, एच आणि ए, कंपनीची. ते तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवाचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. गावाचं नाव जीवशास्त्राच्या दप्तरात कायमचं लागलं, आणि शेजारच्या मोरवाडीत, खराळवाडीत चहाच्या टपरीवर विचारा, कुणाला पत्ता नाही.

पिंपरी-चिंचवडच्या शिक्षकांनो, परिसर अभ्यासाच्या तासाला मुलांना पिंप्रिना सांगा.