मुरलीकांत पेटकर शिकवताना : जिद्दीची गोष्ट की हक्काची?

ठाण्याहून कशेळी-काल्हेर करत अंजूरफाट्याकडे निघाले की राहनाळ लागते. रस्त्याच्या दोन्ही अंगाला गोदामे आणि त्या गोदामांत माल चढवणारी-उतरवणारी माणसे. त्यांची मुले दर रविवारी आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत येतात. त्यात सातवीतली एक मुलगी आहे. कुबड्यांवर चालते, गणितात हुशार आहे. एकदा आम्ही सहज विचारले, "शाळेत कोणता तास आवडतो?" सगळी पोरे ओरडली, "पीटीचा!" ती म्हणाली, "पीटीच्या तासाला मी दप्तरं सांभाळते."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि आम्हाला तेच जास्त लागले. साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसणाऱ्या भिवाची गोष्ट आम्ही या मुलांना दर एप्रिलमध्ये सांगतो. मग मैदानाच्या कडेला दप्तरांजवळ बसवलेली ही मुलगी आम्हाला इतके दिवस दिसली कशी नाही?

पुढच्या रविवारी आम्ही मुरलीकांत पेटकर यांची गोष्ट सांगितली. सांगली जिल्ह्यातील पेठचा मुलगा. सैन्यात भरती झाला, बॉक्सिंग खेळला. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. हाच माणूस 1972 साली जर्मनीतील हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल पोहला आणि सुवर्णपदक घेऊन आला. ते भारताचे पॅरालिम्पिकमधले पहिले सुवर्ण. "मुलांनो, जिद्द असली की काहीही अशक्य नाही," असा शेवट आम्ही केला. टाळ्या पडल्या. तेवढ्यात तिने विचारले, "त्यांना पाण्यापर्यंत कोणी नेलं?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. समाजशास्त्रात एम.ए. केलेल्या माणसाकडे नव्हते! व्यवस्थेचा प्रश्न जिद्दीच्या नावाखाली झाकून टाकायचा, हेच तर आम्ही इतरांबद्दल बोलत आलो. मग ठरवले, या एका प्रश्नाचे उत्तर सगळ्या विषयांत शोधायचे. पुढचे चार रविवार त्यात गेले.

आधी भूगोल. नकाशावर पेठ, सियालकोट, मुंबई आणि हायडेलबर्ग अशी चार टिंबे मुलांनी लावली. मुंबईचे टिंब महत्त्वाचे. तिथल्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात पेटकरांवर उपचार झाले आणि उपचाराचा भाग म्हणून पोहणे त्यांच्या आयुष्यात आले. म्हणजे पाण्यापर्यंत नेणारे पहिले हात सरकारी रुग्णालयाचे होते. परदेशी जाण्याच्या खर्चाला क्रिकेटपटू विजय मर्चंट यांची मदत झाली. पाण्यात हात मारले ते पेटकरांनीच, त्यात वाद नाही. पण रुग्णालयच नसते तर ही जिद्द कुठे पोहली असती?

विज्ञानात पाण्याने भरलेली बादली आणि रिकामी बाटली घेतली. बाटली दाबली की पाणी तिला वर ढकलते. जमिनीवर पाय शरीराचे वजन पेलतात, पाण्यात ते ओझे बरेचसे पाणीच पेलते. माणूस तोच, शरीर तेच, फक्त भोवतालची परिस्थिती बदलली आणि "अपंग" विश्वविजेता झाला. मग उणीव नेमकी शरीरात होती की जमिनीवर आपण बांधलेल्या जगात?

गणितात त्यांची वेळ घेतली. 37.33 सेकंद, तेव्हाचा विश्वविक्रम. 50 ला 37.33 ने भागले तर सेकंदाला सुमारे 1.34 मीटर, म्हणजे तासाला 4.8 किलोमीटर. आपण रस्त्याने बऱ्यापैकी झपाझप चालतो तेवढा वेग, तोही केवळ हातांच्या जोरावर! दुसरे गणित वजाबाकीचे. पदक 1972 चे, पद्मश्री 2018 ची. उत्तर 46 वर्षे. आणि जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार मिळायला 2025 साल उजाडले. ही वजाबाकी फळ्यावर मांडली तेव्हा वर्ग गप्प झाला.

इतिहासात डॉ. लुडविग गुटमान आले. जर्मनीतले ज्यू डॉक्टर, नाझी राजवटीतून 1939 मध्ये इंग्लंडला निसटले. तिथे स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात मणक्याला इजा झालेल्या सैनिकांना त्यांनी खेळायला लावले. 29 जुलै 1948 रोजी, लंडन ऑलिम्पिक सुरू झाले त्याच दिवशी, 16 जणांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. पॅरालिम्पिकचे मूळ हे आहे. ज्याला जन्मावरून बाहेर काढले, त्याने शरीरावरून बाहेर काढलेल्यांसाठी दार उघडले. ही नाळ आंबेडकरी मुलांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तरीही 1972 साली ऑलिम्पिक म्युनिकला झाले आणि पॅरालिम्पिक हायडेलबर्गला, कारण म्युनिकचे क्रीडाग्राम खासगी घरांसाठी सोडून द्यायचे होते. एकाच देशात दोन गावे! वस्ती वेगळी ठेवण्याची ही रीत आपल्याला नवी नाही.

नागरिकशास्त्राला खरा वाद पेटला. पॅरा खेळांत शरीराच्या क्षमतेनुसार गट पाडतात हे कळल्यावर एक मुलगा म्हणाला, "मग हे आरक्षणच झालं ना?" इथे सावध राहायला हवे. मेरिट मोजण्याआधी सुरुवातीची रेषा तपासावी लागते, इथवर साम्य खरे. पण जात ही कोणाच्याही शरीरातली किंवा बुद्धीतली उणीव नाही. ती समाजाने उभी केलेली भिंत आहे आणि आरक्षण म्हणजे त्या भिंतीपलीकडच्या सत्तेत प्रतिनिधित्व. हा फरक आपल्या कार्यकर्त्यांनीही नीट सांगितला पाहिजे, नाहीतर "दुबळ्यांना सवलत" हा विरोधकांचा युक्तिवाद आपणच मान्य केल्यासारखे होते.

शब्दांचाही प्रश्न निघाला. 2015 साली पंतप्रधानांनी "दिव्यांग" हा शब्द सुचवला आणि तो सरकारी कागदांवर रुळला. आपल्याला एके काळी "हरिजन" म्हटले गेले. त्या नावाच्या निषेधार्थ बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाच्या आमदारांनी 1938 मध्ये मुंबई विधिमंडळातून सभात्याग केला होता. माणसाला देवाशी जोडायचे आणि हक्काचे विचारले की गप्प बसायचे, ही युक्ती जुनीच आहे.

हक्क कुठे लिहिला आहे? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016, कलम 16. अपंग मुलांना भेदभाव न करता प्रवेश आणि इतरांच्या बरोबरीने खेळाची संधी देणे शाळेवर बंधनकारक आहे. मुलांनी मिळून अर्ज लिहिला, आम्ही फक्त शुद्धलेखन तपासले. शाळेतून पहिले उत्तर आले, "पडली तर जबाबदारी कोणाची?" दोन फेऱ्या मारल्यावर आता ती खुर्चीत बसून गोळाफेक करते. दप्तरे वर्गातच राहतात. मैदानापर्यंतच्या पायऱ्या मात्र अजून तशाच आहेत.

साथींनो, गोष्ट इथे संपवली असती तर आम्हीही टाळ्या घेतल्या असत्या. पण अर्ज देऊन परतताना ती विहाराच्या दारात थांबली आणि म्हणाली, "इथेपण तीन आहेत." तीन पायऱ्या. दर रविवारी कोणीतरी तिला हात द्यायचे आणि आम्हाला वाटायचे, केवढी ही करुणा! चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्यांच्या दारात एक मुलगी रोज कोणाच्या तरी हाताची वाट पाहत होती.

शेवटचे गणित मग तिनेच सोडवले. तीन पायऱ्यांची उंची 45 सेंटीमीटर. उताराचे प्रमाण एकास बारा. म्हणजे रॅम्प 5 मीटर 40 सेंटीमीटर लांब हवा. समोर तेवढी जागा नव्हती म्हणून तो बाजूने वळवून घेतला. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचे पैसे कापले तेव्हा काही तरुण नाराज झाले. पण सिमेंट कालवायला तेच आले.

आपापल्या विहाराच्या, अभ्यासिकेच्या, जयंतीच्या मंचाच्या पायऱ्या एकदा मोजा. उंची गुणिले बारा, एवढे गणित सातवीच्या मुलीला येते.

जयभीम!