ऑर्लँडोची सहल आणि आमचे डबे

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातले ऑर्लँडो हे शहर जगभरच्या मुलांना ठाऊक आहे ते तिथल्या थीम पार्कांमुळे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी तिथे वॉल्ट डिस्ने वर्ल्डचे मॅजिक किंगडम सुरू झाले. पुढे १९८२ मध्ये एपकॉट, १९८९ मध्ये आज हॉलिवूड स्टुडिओज म्हणतात तो पार्क आणि १९९८ मध्ये अ‍ॅनिमल किंगडम आले. एकेक पार्क एवढा मोठा की सकाळी आत शिरलेले कुटुंब रात्रीची आतषबाजी पाहूनच बाहेर पडते. म्हणजे दोन वेळचे जेवण, मधले खाणे, पाणी, सगळे आतच. तिकिटांचा हिशेब सगळेच आधी करतात. खाण्याचा हिशेब मात्र बहुतेकांना घरी परतल्यावर कळतो.

माझे थोरले दीर न्यू जर्सीत एडिसनला राहतात. आम्ही सगळे त्यांना भाईजान म्हणतो. सासूबाईंना आणि आम्हाला त्यांनी मुलांच्या सुट्टीत बोलावून घेतले आणि ऑर्लँडोच्या चार दिवसांची तिकिटे आमच्या आधीच काढून ठेवली. आठ माणसे होतो: भाईजान, भाभी आणि त्यांची दहा वर्षांची मुलगी, मी, माझे पती, आमची बारा आणि आठ वर्षांची दोन मुले, आणि अम्मी. चिपळूणहून निघतानाच अम्मींनी निवाडा दिला होता, "तिकिटे मोठ्याची, जेवण धाकट्याचे." माझ्या पतींनी ते लगेच मान्य केले. खाण्यासाठी आम्ही ६०० डॉलर बाजूला काढले होते. रुपयांत ही रक्कम आमच्यासाठी लहान नव्हती, आणि त्यात भागले नाही तर पुन्हा भाईजानांच्याच खिशात हात जाणार होता. बोलावणाऱ्याची मेहमाननवाजी सर-आँखों पर, पण प्रत्येक घासाचे पैसेही त्यांनीच द्यावेत, हे आम्हाला नको होते.

त्यात आणखी दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे हलालचा प्रश्न. दुसरी म्हणजे अम्मींचा मधुमेह. त्या इन्सुलिन घेतात, आणि इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला "ही रांग संपली की जेवू" असे सांगता येत नाही.

आधी पार्कातल्या किमतींचा अंदाज घेऊ. आम्ही गेलो तेव्हा काउंटरवर मिळणारे मोठ्यांचे साधे जेवण, म्हणजे बर्गर आणि बटाट्याच्या फ्राइज, पंधरा डॉलरच्या आसपास होते. मुलांची थाळी आठ-नऊ डॉलर. पाण्याची बाटली चार डॉलर. फलकावरच्या किमतीत विक्रीकर धरलेला नसतो. ऑर्लँडोच्या ऑरेंज काउंटीत तो साडेसहा टक्के आहे. पाच मोठे आणि तीन मुले दोन वेळा असे जेवली, तर दिवसाला अडीचशे डॉलरच्या वर जातात. चार दिवसांचे हजार. टेबलावर बसून जेवायचे म्हटले तर बिलावर अठरा-वीस टक्के टीपही आली.

पण डिस्नेच्या या पार्कांचा एक नियम फार कमी लोक लक्षात घेतात. आपल्याकडच्या अनेक पार्कांत दारावरच डबे काढून घेतात. इथे मात्र घरचे जेवण आणि थंड पेये आत नेता येतात. अटी थोड्या आहेत. दारू नको, काचेची भांडी नकोत, सुटा बर्फ किंवा कोरडा बर्फ नको, आणि पेटी फार मोठी नको. डबा गार ठेवायला पुन्हा पुन्हा गोठवता येणाऱ्या जेलच्या पिशव्या चालतात. सुरक्षा तपासणीत बॅग उघडायला सांगतात, म्हणून खाणे एकाच पिशवीत वर ठेवावे. लोणचे काचेच्या बरणीतून प्लास्टिकच्या डबीत काढावे आणि सुरी घरीच ठेवावी.

डबा करायचा तर चूल हवी. ऑर्लँडोच्या दक्षिणेला किसिमी या गावात सुट्टीसाठी भाड्याने मिळणारी पुष्कळ घरे आहेत. त्यांत फ्रिज, शेगडी, भांडी सगळे असते. आठ माणसांना दोन-तीन हॉटेलच्या खोल्या घेण्यापेक्षा असे एक घर परवडते. ज्यांना हॉटेलच हवे, त्यांनी निदान फ्रिज असलेली आणि सकाळचा नाश्ता भाड्यातच देणारी खोली पाहावी.

वाणसामानासाठी पहिल्याच संध्याकाळी मोठ्या दुकानात गेलो. फ्लोरिडात शिजवायच्या बहुतेक किराण्यावर विक्रीकर नाही, म्हणजे तेही साडेसहा टक्के वाचले. पाव, अंडी, दूध, दही, केळी, सफरचंदे, काकडी, तांदूळ, मसूर, पाण्याच्या बाटल्यांचा एक मोठा गठ्ठा. हलाल खिमा भाभींनी एडिसनलाच घेतला होता, त्याचे शामी कबाब करून गोठवले होते आणि विमानाच्या सामानात नीट बांधून आणले होते. भारतातून मात्र मांसाचा कोणताही पदार्थ किंवा ताजी फळे नेऊ नयेत. अमेरिकेत उतरताना ती काढून घेतात. चिवडा, मसाले, सुक्या खोबऱ्याची चटणी, खजूर असे कोरडे जिन्नस आम्ही नेले आणि फॉर्मवर लिहून जाहीरही केले. खाण्याचे काहीही असो, ते जाहीर करावे, हे उत्तम.

रोजचा क्रम ठरला. फज्रनंतर भाभी आणि मी स्वयंपाकघरात. भाभींनी पहिल्याच दिवशी बजावले, "इथे फोडणी जपून, धूर झाला की भोंगा वाजतो." चपातीत कबाब आणि कांदा-काकडी गुंडाळायची, मुलांसाठी अंड्याचे सँडविच, अम्मींसाठी दोन चपात्या, भाजी आणि दही. घरून भरपेट नाश्ता करून निघायचे. मुलांच्या पाठीवरच्या पिशव्यांत प्रत्येकाची बाटली आणि चिवडा. रात्री परतल्यावर कुकरमध्ये डाळ-भात. थकलेल्या मुलांनी तो ज्या चवीने खाल्ला, त्या चवीने एरवी बिर्याणीही खात नाहीत.

पाण्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. ज्या काउंटरवर मशीनमधून शीतपेय भरून देतात, तिथे मागितले तर बर्फाचे पाणी पेल्यात फुकट मिळते. फ्लोरिडाचे ऊन कोकणातल्या मे महिन्यासारखेच, घामाने अंग चिकट करणारे. आठ माणसांनी दिवसाला तीन-तीन बाटल्या विकत घेतल्या, तर पाण्याचेच शंभर डॉलर होतात. तिथल्या नळाच्या पाण्याला थोडा वास येतो. आम्ही लिंबू-साखरेची पूड सोबत ठेवली होती आणि अम्मींसाठी नुसते लिंबू.

पार्काप्रमाणे थोडी वेगळी आखणी लागते. बाकीच्या तीन पार्कांत गाडी दाराजवळच असते. मॅजिक किंगडमला मात्र गाडी लावून पुढे मोनोरेलने किंवा बोटीने जावे लागते. दुपारी गाडीत जाऊन जेवून येऊ म्हटले, तर जाण्या-येण्यातच तास निघून जातो. तिथे डबा अंगावरच हवा, नाहीतर भाड्याच्या लॉकरमध्ये. उन्हाळ्यात दुपारनंतर बहुधा गडगडाटी पाऊस येतो. म्हणून आम्ही जेवण आणि जोहरची नमाज एकाच थांब्यात, पावसाच्या आधी उरकत होतो.

अम्मींच्या इन्सुलिनची काळजी सर्वांत मोठी होती. प्रत्येक पार्कात प्रथमोपचाराचे केंद्र आहे आणि तिथे औषध थंड जागी ठेवून देतात, पैसे न घेता. अम्मींचा जेवणाचा वेळ आम्ही सगळ्यांचा वेळ केला. साडेअकराला ज्या कुठल्या खेळाच्या रांगेत असू, त्याच्यापुढची रांग धरायची नाही. त्यांच्या पर्समध्ये खजूर कायम. तिसऱ्या दिवशी एका लांबलेल्या रांगेत त्यांचे हात थरथरू लागले, तेव्हा दोन खजुरांनी वेळ निभावली आणि जेवणाचा डबा हाताशीच होता. त्या क्षणी खाणे विकत घ्यायला अर्ध्या तासाची दुसरी रांग लावावी लागली असती. डब्याने पैसे वाचतात, हे खरे. पण आमच्यासाठी त्याची किंमत त्या दुपारी कळली.

आत काहीच विकत घ्यायचे नाही, असे मात्र नव्हते. मुलांचे मन मारून केलेली काटकसर सहलीचा आनंद घालवते. प्रत्येक मुलाला रोज एक वस्तू, त्याच्या पसंतीची. सकाळी घ्या किंवा संध्याकाळी, पण एकच. मग मुले स्वतःच दुकानांच्या फलकांवर किमती वाचू लागली. मॅजिक किंगडममधले अननसाचे मऊ आइस्क्रीम, डोल व्हिप, आम्हा मोठ्यांनाही आवडले. मार्शमॅलोच्या गोड वड्या आणि चघळायच्या गोळ्या मात्र टाळल्या, कारण त्यांत बहुधा डुकराचे जिलेटिन असते. तळलेल्या माशाबद्दलही विचारून घ्यावे. इंग्रजी पद्धतीच्या पिठात पुष्कळदा बिअर घालतात. काउंटरवर घटकांची यादी मागितली तर दाखवतात, न कंटाळता. २०१९ पासून तिथल्या फलकांवर केवळ वनस्पतीजन्य पदार्थांपुढे पानाची खूण असते, तिचाही आपल्याला उपयोग होतो. मुलांची थाळी मोठ्यांनीही मागितली तर चालते. त्यात दोन तोंडीलावणी आणि पेय येते, आणि कमी भूक असलेल्याला ती पुरते. दोन दिवस आम्ही अशाच थाळ्या आणि एक-दोन पदार्थ वाटून घेऊन डब्याला जोड दिली.

एपकॉटमध्ये तळ्याभोवती अकरा देशांचे विभाग आहेत. तिथे फिरायला वेगळे पैसे नाहीत. मोरोक्कोचा विभाग १९८४ मध्ये सुरू झाला. त्यासाठी राजे हसन दुसरे यांनी आपल्या देशातून कारागीर पाठवले होते. माराकेशच्या कुतुबिया मशिदीच्या मिनाराची प्रतिकृती तिथे आहे. तिथल्या रंगीत फरश्यांच्या भिंतीजवळ सावलीत बसून आम्ही कबाब-चपाती खाल्ली. अम्मी बराच वेळ त्या नक्षीवरून हात फिरवत होत्या.

चार दिवसांचा हिशेब असा झाला: किराणा २४० डॉलर, मुलांच्या आणि आमच्या आवडीच्या वस्तू १२०, पार्कातले विकतचे जेवण ७०. एकूण ४३०. उरले १७०.

शेवटच्या रात्री आम्ही सगळ्यांना इंटरनॅशनल ड्राइव्हवरच्या एका हलाल हॉटेलात नेले. तंदुरी, पुलाव, नान, शेवटी चहा. बिल आले तसा भाईजानांनी सवयीने पाकिटाला हात घातला. अम्मींनी नुसते त्यांच्याकडे पाहिले. पाकीट परत खिशात गेले. टीप धरून १६५ डॉलर झाले. उरलेल्या पाच डॉलरवर मुलांचा हक्क आम्ही मान्य केला, आणि उरलेले तांदूळ, मसूर आणि अर्धी बाटली तेल भाभींनी एडिसनला नेण्यासाठी बांधून घेतले.