जाडी बघून घेतलेला रोप

विहीर खोदायच्या धंद्यात वायररोपाचं माप अजून सुतात सांगतात. चार सूत म्हणजे अर्धा इंच. दुकानात जाऊन "चार सुती द्या" म्हटलं की निवड झाली, असं मी बरीच वर्षं धरून चाललो. राहाता-शिर्डीच्या पट्ट्यात माझ्या यारीला कामाची कमी नव्हती. काळा पाषाण फुटला, मलबा वर आला, की रोपाची चौकशी कोण करतो?

2013च्या दुष्काळात विहिरी खोल करायला जो तो यारी मागत होता. माझा रोप झिजला होता, आणि नवा घ्यायचा तर पैसे जिवावर येत होते. भंगार बाजारात ग्रीसनं माखलेला एक जाडजूड रोप मिळाला. विकणारा म्हणाला, "खाणीतला माल आहे, दणकट." तो खोटं बोलला नाही. मी हिशेबही केला. या जाडीचा चांगला रोप साधारण दहा टनांना तुटतो. त्याचा पाचवा हिस्सा धरला तरी दोन टन. माझी भरलेली बकेट टनाच्या आतली. गणित बरोबर होतं, रोप चुकीचा होता.

तारा वळून पेड होतो, पेड वळून रोप. नेहमीच्या रोपात हे दोन पीळ एकमेकांच्या उलट असतात, त्यामुळं एक दुसऱ्याला उलगडू देत नाही. त्यात बाहेरच्या तारा रोपाच्या लांबीला धरून सरळ दिसतात. लँग्ज ले म्हणतात त्या प्रकारात दोन्ही पीळ एकाच दिशेचे, आणि तारा तिरक्या. मी आणलेला रोप याच प्रकारचा. तो घासण्याला फार चिवट. जर्मनीत हार्झच्या खाणींसाठी 1834 साली विल्हेल्म आल्बर्टनं वायररोप वळला, तोही याच पिळाचा. पण खाणीतला पिंजरा मार्गात अडकवलेला असतो, त्याला गिरकी घेता येत नाही. माझी बकेट एकाच रोपावर मोकळी लोंबत होती.

पहिल्याच दिवशी ती गरागरा फिरायला लागली. पोरं म्हणाली, "मालक, चक्कर येते." कारण त्याच बकेटमधून ती खाली उतरायची. मलब्याच्या बकेटमधून माणसं नेऊ नयेत हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळेच नेत होते. ती का फिरतेय, हे शोधायचं सोडून मी उपाय शोधला, आणि तो सुचला म्हणून स्वतःवर खूशही झालो. बैलाच्या साखळीला भोवरकडी असते. जनावर कितीही फिरलं तरी साखळीला पीळ बसत नाही. तशीच एक दणकट भोवरकडी मी बकेटच्या वर बसवून घेतली. बकेट शांत झाली. त्या संध्याकाळी मी सगळ्यांना भजी खिलवली.

बकेटऐवजी आता रोप फिरत होता. दर खेपेला वजन पडलं की त्याचा पीळ सैल होई, काही पेड ताणले जात, काही नुसते सोबतीला. खालच्या टोकाकडं पेडांमध्ये फट दिसायला लागली. रोप लांबल्यासारखाही वाटला. ऑपरेटरनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "नवा रोप थोडा ताणतोच." तो नवा नव्हता, हे तिथं फक्त मला माहीत होतं.

भरलेली बकेट काठाजवळ आली असताना रोप तुटला. बकेट वर जाताना खालच्यांनी कडेला दबून उभं राहायचं, हा जुन्या मिस्त्रीचा दंडक होता. त्यानं तिघं वाचली. चौथ्याच्या पायावर उसळलेला दगड आला आणि घोटा मोडला. त्याच सकाळी चौघं त्या रोपावर लोंबत खाली गेली होती. दवाखाना मी केला, त्यात मोठेपणा काही नाही. यारी ऐन हंगामात बंद पडली. शेतकऱ्यानं दुसरी यारी लावली आणि माझे राहिलेले पैसे दिले नाहीत. मीही मागितले नाहीत.

रोपाची निवड, तो बसवणं आणि त्याची देखभाल यांवर आयएस 3973 हे भारतीय मानक आहे. मी ते अपघातानंतर वाचलं. वाचताना आणखी एक गोष्ट कळली: टोकाच्या क्लिपा मी आयुष्यभर उलट लावत आलो होतो. क्लिपेचं खोगीर वजन घेणाऱ्या रोपावर हवं आणि यू-बोल्ट उरलेल्या शेपटावर. माझा यू-बोल्ट नेमका कामाच्याच रोपाला चावत होता. इतकी वर्षं काही झालं नाही, याचं श्रेय कुणाला द्यावं कळत नाही. शिर्डीजवळ राहणाऱ्यांना एक नाव पटकन सुचतं, पण बाबांवर किती भार टाकायचा?

आता मी आतले आणि बाहेरचे पेड उलट वळलेला, न फिरणारा रोप घेतो. महाग पडतो. दर वाढवला म्हणून काही गिऱ्हाइकं गेली. घोटा मोडलेला तो पोरगा विहिरीत उतरत नाही, यारीचा ब्रेक सांभाळतो. नवा रोप आला की तारांचा कल आधी तो बघतो, मग मला हात लावू देतो.