उतरलेली, झोपलेली, फुगलेली

ऊस फवारून झाला की ड्रोन पत्र्याच्या शेडमध्ये जातो आणि बॅटऱ्या शेजारच्या लोखंडी पेटीत. मग पुढच्या हंगामापर्यंत तिकडे कुणी फिरकत नाही. पाऊस लागला की माझा फोन वाजायला लागतो. ‘दादा, बॅटरी चार्जच घेईना. ठेवली तेव्हा एकदम ओके होती.’ तो खोटं बोलत नसतो. उडताना बॅटरीवर कितीही ताण येवो, माझ्याकडे येतात त्यांतल्या बहुतेक पेटीत पडून पडूनच गेलेल्या असतात.

कृष्णाकाठचा ऊस पुरुषभर उंच झाला की पाठीवर पंप घेऊन आत शिरणं जिवावर येतं. पानं कापतात, वारा लागत नाही. म्हणून आमच्याकडे १० लिटरचे ड्रोन बरेच दिसायला लागले. २०२३ मध्ये ‘नमो ड्रोन दीदी’ योजना आल्यापासून बचत गटांतल्या बायकाही ते उडवतात. उडवणं लवकर जमतं. बॅटरीची ओळख मात्र ती रुसल्यावरच होते.

यातल्या बऱ्याच ड्रोनमध्ये सहा-सहा सेलच्या दोन लिथियम पॉलिमर बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. भरलेला सेल ४.२ व्होल्टचा, म्हणजे भरलेली बॅटरी २५.२ ची. गिऱ्हाईक घरीच मीटर लावून आलेलं असतं. ‘२१.७ दाखवतेय की! मग चार्जर एरर का मारतो?’ त्याने मोजलेलं असतं जाड लाल-काळ्या वायरींवर. मी पांढरा बॅलन्स प्लग हातात घेतो. त्याला सात पिना. काळ्या वायरीपासून सुरुवात करून शेजारशेजारच्या दोन-दोन पिनांवर मीटरची टोकं ठेवत जायचं. २.६१. मग ३.८२, ३.८१, ३.८२, ३.८२, ३.८१. पाच सेल धडधाकट आणि पहिला बसलेला. बेरीज बरोबर २१.६९, आणि याच बेरजेने त्याला फसवलेलं असतं. चार्जर बेरजेवर जात नाही. एकही सेल ३ व्होल्टच्या खाली दिसला की बहुतेक चार्जर हात वर करतात.

पहिलाच सेल का बसला? मी विचारतो, ‘बझर लावून ठेवला होता का?’ बॅलन्स प्लगला खोचायचा, व्होल्टेज दाखवणारा आणि कमी झालं की कान किटवणारा तो छोटा तुकडा. त्यातले कितीतरी स्वतःपुरती वीज पहिल्या एक-दोन सेलमधूनच ओढतात. काढायचा राहिला की दिवसरात्र तिथूनच पितात. समोरचा थोडा वेळ गप्प बसतो आणि मग पोराचं नाव घेतो.

कधी आकडे वेगळंच बोलतात. तिसरा सेल ४.४, चौथा ३.२, बाकी सगळे ३.८. इथे घाबरायचं नाही. शेजारचे दोनच आकडे बिघडलेत आणि दोघांची बेरीज ७.६ येतेय, तर सेलना काही झालेलं नसतं. त्या दोघांच्या मधली बारीक वायर प्लगपाशी तुटलेली किंवा सैल झालेली असते. दर वेळी प्लगाऐवजी वायर धरून ओढली की हे होणारच. नवी पिन दाबून बसवायची, काम झालं. वायरी कापताना दोन एकदम कापू नयेत, एवढं मात्र कायम लक्षात ठेवावं. कात्रीच्या पात्यातून शॉर्ट होतो आणि पात्याला खाच पडते. माझ्या कात्रीला तशा दोन आहेत.

बॅटरीत काहीच बिघाड नाही, अशाही पुष्कळ येतात. फवारणीचं पाणी, विद्राव्य खत, तांब्याचं बुरशीनाशक यांचा थर कनेक्टरवर साचतो, हिरवट-पांढरा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, एवढ्यावर ती चार्ज घ्यायला लागते. काही वेळा ती नुसती तापलेली असते. फेरी मारून उतरलेली बॅटरी हाताला चटका देत असताना चार्जरला लावली, तर शहाणी बॅटरी नकार देते आणि साधी बॅटरी मुकाट्याने चार्ज घेऊन आयुष्य कमी करून घेते. सावलीत ठेवावी, कोमट झाली की लावावी. ओलं फडकं गुंडाळणाऱ्यांना मी हात जोडतो.

आणि जनरेटर. १६,००० एमएएचच्या बॅटरीला १६ अँपिअरने भरायचं म्हटलं तर २५ व्होल्टला ४०० वॉट झाले. जोडी लावली की ८०० आणि वर चार्जरचा स्वतःचा तोटा. एवढा भार बांधावरच्या एक केव्हीएच्या जनरेटरवर टाकला की व्होल्टेज पडतं, चार्जर मधेच बंद होतो आणि शिव्या बॅटरीला बसतात. करंट निम्मा करा, वेळ दुप्पट लागू द्या.

आत स्वतःचा सर्किट बोर्ड असलेल्या बॅटऱ्यांची तऱ्हा निराळी. फार दिवस पडल्या की त्या झोपतात. बटण दाबलं तरी दिवा लागत नाही. त्यांच्याच चार्जरला लावून थोडा वेळ थांबलं की पुष्कळदा जाग्या होतात. पण सेलमध्ये काही वावगं दिसल्यावर बोर्डाने स्वतःहून कायमचं कुलूप घातलं असेल, तर लॅपटॉप जोडून ते उघडून देणारे लोक आहेत. मी देत नाही. कुलूप कशासाठी घातलं होतं हे त्या लॅपटॉपला ठाऊक नसतं.

बसलेला सेल उठवायचा का, यावरून माझे गिऱ्हाइकांशी वाद होतात. नुकताच अडीचच्या वर कुठेतरी थांबलेला असेल, तर त्या एकट्या सेलला ०.८ अँपिअरने, म्हणजे क्षमतेच्या विसाव्या भागाने, समोर बसून तीनच्या वर आणतो. मग सगळ्यांना एकत्र बॅलन्स चार्ज. पंगतीत सर्वांत हळू जेवणाऱ्यासाठी सगळे थांबतात, तसा चार्जर शेवटच्या सेलसाठी थांबतो. तो सेल फारच वेळ लावत असेल, नाहीतर रात्रभर ठेवून सकाळी परत उतरलेला दिसला, तर तो गेला. आणि सेल शून्याच्या आसपास महिनाभर पडून राहिला असेल, तर मी चार्जरला हातही लावत नाही. तेवढ्या खाली गेल्यावर आतल्या तांब्याच्या पत्र्याचं तांबं विरघळायला लागतं. परत चार्ज करताना ते नको तिथे साचतं आणि आतला पडदा भेदून शॉर्ट करू शकतं. निकेलच्या बॅटरीचा मोड लावून चार्जरला गंडवायची युक्ती सगळ्यांना माहीत आहे. अशी उठवलेली बॅटरी आज चालते. पुढे ती कधी पेटेल, घरात की उसावर, हे युक्ती सांगणारा सांगत नाही.

म्हणून हंगाम संपला की प्रत्येक सेल ३.८ ते ३.८५ वर आणून ठेवा, असं मी सांगत सुटतो. चार्जरमध्ये त्यासाठी ‘स्टोरेज’ नावाचा पर्याय असतोच, फक्त कुणी दाबत नाही. फुल्ल करून ठेवणं लोकांना शहाणपणाचं वाटतं, आणि पत्र्याखालच्या उन्हाळ्यात तीच फुल्ल बॅटरी आतून वायू धरून फुगते. शेजारच्या गावातल्या एका ताईंनी प्रत्येक बॅटरीवर मार्करने नंबर घातलाय आणि महिन्यातून एकदा त्या वहीत सहाही सेलचे आकडे लिहितात. त्यांचा फोन मला क्वचितच येतो. धंद्याच्या दृष्टीने वाईटच.

फुगलेलीला मात्र दुसरी संधी नाही. ‘टाचणीने हवा काढून द्या’ म्हणणाऱ्याला आधी खुर्चीवरून उठवून बाहेर नेतो. ट्रकचा २४ व्होल्टचा बल्ब लावून तिला उघड्यावर, वाळूच्या घमेल्यात पूर्ण उतरवायची. मिठाच्या पाण्यात बुडवायची पद्धत मला पसंत नाही. कनेक्टर आधी सडतो आणि आत वीज तशीच राहते. मग वायरींची टोकं वेगवेगळी टेपने गुंडाळून कंपनीच्या डीलरकडे परत. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकली आहे, हे डीलरला जरा मोठ्याने सांगावं लागतं. भंगारवाला किलोवर घ्यायला तयार असतो, पण त्याच्या हातोड्याखाली मी ती देणार नाही.