त्या रविवारी चिवड्याला कुणी हात लावला नाही

दिवाळी आठ दिवसांवर आली होती. 5 नोव्हेंबर 2023, रविवार. विश्रांतवाडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी सकाळी सहालाच कढई चढवली होती. दुपारी भारत–दक्षिण आफ्रिका मॅच होती आणि त्याआधी मला चिवडा उरकायचा होता. सात वाजता बेल वाजली. भाच्याचे चार मित्र-मैत्रिणी दारात. एरवी जिन्यापासून ज्यांचा आवाज येतो ती मुलं त्या दिवशी कुजबुजत आत आली. "मावशी, आम्ही दीड तास बसू, तुम्हाला चालेल ना?" एवढं विचारलं आणि हॉलचे पडदे ओढून घेतले.

भाचा माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा. खराडीत नोकरी करतो, माझ्याकडे राहतो. तो काय पाहतो याची मी कधी चौकशी केली नव्हती. जपानी कार्टून, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्या सकाळी 'अटॅक ऑन टायटन' या मालिकेचा शेवटचा भाग होता, आणि तो एकटाच 85 मिनिटांचा होता.

मी पोहे भाजत होते. हॉलमधून ढोल वाजल्यासारखा आवाज यायचा, मग कुणीतरी जपानीत जीव तोडून ओरडायचं, मग काहीच नाही. आमच्या डोक्यावरून लोहगावला उतरणारी विमानं जातात. ती गेली की स्वयंपाकघराच्या खिडकीची काच थरथरते. एरवी अशा वेळी भाचा "अरे यार" म्हणून आवाज वाढवतो. त्या दिवशी दोन विमानं गेली तरी तो हलला नाही.

फोडणीत कढीपत्ता कुरकुरीत झाला, शेंगदाणे, डाळं, खोबऱ्याचे काप घालून झाले. गरम चिवडा ताटात काढून मी हॉलमध्ये गेले, तर पडद्यावर नावं सरकत होती आणि एकही जण उठलेला नव्हता. एक मुलगी ओढणीत तोंड खुपसून रडत होती. तिच्या शेजारचा उंच मुलगा भिंतीकडे पाहत होता. भाच्याचे डोळे लाल झाले होते. आजारपणाचा फोन आला की घरात जशी शांतता पसरते तशी ती होती. मी घाबरून विचारलं, "काय झालं रे? कोण गेलं?"

"एरेन," तो म्हणाला.

मग वाद सुरू झाला, आणि तो मला रडण्यापेक्षाही कळेना. उंच मुलगा म्हणत होता की लेखकाने दगा दिला. ओढणीवाली म्हणत होती, याहून खरा शेवट होऊच शकत नाही. तिसरा दोघांना सांगत होता की मांगात, म्हणजे मूळ चित्रकथेत, हेच फार वाईट होतं, इथे निदान सुधारलंय. संध्याकाळी कोहलीने वाढदिवसालाच 49 वं शतक ठोकलं, सगळी सोसायटी गॅलरीत येऊन ओरडली, आणि ही पाचही मुलं अजून त्याच वादात होती. जाताना उंच मुलगा मला "येतो मावशी" म्हणाला, पण त्याचा आवाज भरून आलेला होता. चिवड्याचं ताट तसंच राहिलं.

रात्री मी भाच्याला म्हटलं, "मला समजावून सांग."

तो म्हणाला, "तू पाहिलंच नाहीस, मावशी. कसं सांगू?"

त्याचं बरोबर होतं. म्हणून मी पहिल्या भागापासून बसले. रोज ओटा आवरला की तीन भाग. नव्वदच्या आसपास भाग आहेत, एकेक साधारण 24 मिनिटांचा. (ज्यांना ही मालिका पुढे पाहायची आहे त्यांनी इथेच थांबावं. मी शेवट सांगणार आहे.)

पहिल्या रात्री दमछाक झाली. कान जपानी ऐकतात, डोळे खाली इंग्रजी अक्षरं वाचतात आणि चित्र निसटून जातं. नावं लक्षात राहीनात, म्हणून मी वहीत लिहायला घेतलं. गोष्ट अशी: तीन गोल भिंतींच्या आत उरलीसुरली माणसं राहतात, बाहेर माणसं खाणारे राक्षस. बाहेरची भिंत फुटते, एरेन नावाच्या मुलाच्या डोळ्यांदेखत त्याची आई जाते, आणि तो सूड घ्यायची शपथ घेतो. हे लिहिणारा-काढणारा हाजिमे इसायामा डोंगरांनी वेढलेल्या ओयामा या गावातला. मांगा सुरू झाला 2009 मध्ये, तेव्हा तो 23 वर्षांचा होता, आणि संपला एप्रिल 2021 मध्ये, 139 प्रकरणांनंतर. पडद्यावरची मालिका एप्रिल 2013 ते नोव्हेंबर 2023. म्हणजे भाचा सातवी-आठवीत असताना सुरू झाली आणि त्याला पगार मिळायला लागल्यावर संपली.

पहिल्या पर्वानंतर साडेतीन वर्षं पुढचं काहीच आलं नाही, हे मला वहीतल्या तारखांवरून कळलं. मी मात्र तो काळ एका रात्रीत ओलांडला. वाट पाहायचा भाग माझ्या वाट्याला आलाच नाही.

मला रडू आलं ते शेवटी नाही, खूप आधी. साशा म्हणून एक मुलगी आहे. सुरुवातीला कवायतीत अधिकाऱ्यासमोर उभी राहून उकडलेला बटाटा खाते, अशी. ती एका लहान मुलीच्या गोळीने मरते. पुढे ती लहान मुलगी साशाच्या वडिलांसमोर येते, त्यांच्या हातात सुरी दिली जाते. घोडे सांभाळणारा साधा माणूस. तो सूड घेत नाही. त्याचं म्हणणं असं की आपल्या पिढीचं पाप आणि द्वेष मोठ्यांनीच डोक्यावर घ्यायला हवा, नाहीतर पोरं याच जंगलात भटकत राहतील. मी टीव्ही थांबवला आणि बराच वेळ तशीच बसले. माझ्या वयाच्या माणसाला गोष्टीने जे सांगायचं ते तिथे सांगून झालं होतं. मुलांच्या वादात या बापाचं नाव एकदाही आलं नव्हतं.

मी शेवटाजवळ पोचले ते डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. कार्तिकी वारीचे दिवस. खाली आळंदी रोडवरून दिंड्या चालल्या होत्या. गॅलरीचं दार लावलं तरी टाळ ऐकू येत होते. एका आवाजात राक्षसांची पावलं, दुसऱ्या आवाजात ज्ञानोबा-तुकाराम. मी टीव्ही बंद करून गॅलरीत उभी राहिले.

माझी आजी दर वर्षी समाधी सोहळ्याला आळंदीला जायची. ज्ञानदेवांनी 1296 साली समाधी घेतली. नामदेवरायांच्या वंशातले नामदास महाराज त्या दिवशी समाधीचं कीर्तन करतात, आणि गर्दीतली माणसं धाय मोकलून रडतात. त्यांतल्या प्रत्येकाला शेवट लहानपणापासून ठाऊक असतो. आजीला निवृत्तिनाथांची अवस्था सांगताना शब्द फुटायचा नाही, दर वर्षी. आणि इकडे भाच्याच्या मंडळींत पहिला नियम: ज्याने पाहिलं नाही त्याला शेवट सांगायचा नाही, स्पॉयलर द्यायचा नाही. त्यासाठी ती पहाटे उठतात, फोन बंद ठेवतात. श्रद्धा आणि करमणूक मी एका तागडीत घालत नाही. पण पाचजणांनी एका खोलीत येऊन, पडदे ओढून, एकत्र रडायचं ठरवलं होतं, हे मला त्या गॅलरीत उभं असताना पहिल्यांदा जाणवलं. एकट्याने फोनवर पाहता येत असूनही ती मुलं हडपसरहून, पिंपळे सौदागरहून आली होती.

शेवट असा: एरेनच जगाचा संहार करायला निघतो, बहुतेक मानवजात पायाखाली तुडवतो, आणि त्याच्यावर जीव असलेली मिकासा त्याला मारते. मरण्याआधी तो आर्मिन या मित्राजवळ कोसळतो, लहान पोरासारखा. मिकासाने आपल्याला इतक्यात विसरू नये, निदान दहा वर्षं तरी मनात ठेवावं, असं ओक्साबोक्शी सांगतो. उंच मुलाचा राग इथे होता. त्याचं म्हणणं, ज्याला आम्ही दहा वर्षं पोलादी समजलो त्याला शेवटी असा दाखवायचा? ओढणीवालीला तो तिथेच माणूस वाटला. मांगात आर्मिन त्याचे जवळपास आभार मानतो, म्हणून 2021 मध्ये वाचक खवळले होते. ॲनिमेसाठी, म्हणजे पडद्यावरच्या मालिकेसाठी, इसायामाने तो संवाद स्वतः नव्याने लिहिला. त्यात आर्मिन पापातला आपला वाटा उचलतो. मला हा बदल मनापासून पटला. साशाच्या वडिलांनी सांगितलेलंच त्यात पुढे नेलंय. नोव्हेंबर 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या एका कार्यक्रमात या शेवटाबद्दल बोलताना लेखकाचा कंठ दाटून आला होता, हे भाच्याने सांगितलं तेव्हा मला त्या माणसाची काळजी वाटली.

भाचा म्हणाला, "हे काहीच नाही," आणि त्याने मला 'इव्हांजेलियन' दाखवली. 26 भाग, शेवटचा 27 मार्च 1996 ला लागला. महाकाय यंत्रांची लढाई चाललेली असते आणि शेवटच्या दोन भागांत लढाई जवळजवळ नाहीशीच होते. नायकाच्या मनात शिरून प्रश्नोत्तरं, साधी रेखाटनं, आणि सगळे टाळ्या वाजवून त्याचं अभिनंदन करतात. प्रेक्षक इतके भडकले की दिग्दर्शक हिदेआकी अन्नोला धमक्या आल्या. 1997 मध्ये त्याने सिनेमा काढून वेगळा शेवट दिला, आणि प्रेक्षकांचा तो रागही त्या सिनेमात पडद्यावर दाखवला. मला त्या टाळ्यांचा शेवट आवडला. स्वतःला कवडीमोल समजणाऱ्या पोराला कुणीतरी शाबास म्हणतं, हे मला खोटं वाटलं नाही. भाचा म्हणाला, "तू पहिलीच भेटलीस."

आणखी मागची एक गोष्ट त्याने सांगितली ती मी वहीत दोनदा लिहिली. 'आशिता नो जो' नावाच्या मुष्टियुद्धाच्या मांगात रिकिइशी हा नायकाचा प्रतिस्पर्धी मेला, तेव्हा 24 मार्च 1970 ला तोक्योत त्याचा खराखुरा अंत्यविधी झाला. नाटककार शूजी तेरायामा त्यात पुढे होते, सुमारे 700 माणसं आली. कोदानशा या प्रकाशनसंस्थेच्या इमारतीत. 'अटॅक ऑन टायटन'चे प्रकाशकही तेच.

एका रात्री मी त्याला म्हटलं की मी सगळं पाहिलं, सगळं समजलं, पण त्या रविवारी तुमचं जे झालं ते माझं झालं नाही. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पहिला भाग मी बाबांच्या फोनवर पाहिला होता." त्याचे वडील 2019 मध्ये गेले. याहून तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

त्याच आठवड्यात त्याने मला सांगितलं की आपला 'जंगल बुक'चा मोगली जपानीच, निप्पॉन ॲनिमेशनचा, 1989 चा. मी थक्क झाले. दूरदर्शनवर दर रविवारी आम्ही दोघी बहिणी त्याच्यासाठी आंघोळ उरकून बसायचो. शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता. 52 भाग. म्हणजे ॲनिमे मी बारा-तेरा वर्षांची असल्यापासून पाहिलं होतं, फक्त नाव माहीत नव्हतं. पण शेवट? काही केल्या आठवेना. मी ताईला फोन लावला, स्पीकरवर.

"शेवट?" ती म्हणाली. "जंगलातच राहिला की तो. बल्लू-बगीराजवळ."

"नाही ग, तो गावात जातो ना?"

"छे! जंगलातच." तिच्या आवाजात शंका नव्हती.

भाच्याने तोवर लॅपटॉप उघडून तो भाग शोधलाही होता. "लावू का? आई, तूही ऐक."

पलीकडे ताई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नको रे. राहू दे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, आणि त्याने लॅपटॉप मिटला.