रॉकीचा पगार

रॉकी आमच्याकडे आला तो गेल्या वर्षी, ऐन आषाढात. लोणावळ्याचा आषाढ ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. घरातून फाटकसुद्धा दिसत नव्हते. त्या धुक्यातून एक जीप आली, तिच्यातून एक हवालदार उतरला आणि त्याच्यामागोमाग, अगदी शिस्तीत, सुरक्षा दलातून निवृत्त झालेला एक पिवळसर लॅब्राडोर.

हा खटाटोप माझाच. नोकरीतून निवृत्त झालेले कुत्रे आपल्या लष्करात औषध टोचून संपवीत असत, हे 2015 साली माहितीच्या अधिकारात उघड झाले. गवगवा झाला, प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेले आणि ती रीत मागे पडली. ते वाचल्यापासून मनाला एक टोचणी होती. मुंबई पोलिसांच्या झंजीरने 1993 च्या स्फोटांच्या वेळी 3,329 किलो आरडीएक्स हुडकून काढले. पण 2000 साली हाडांच्या कर्करोगाने तो गेला, म्हातारपण त्याच्या वाट्याला आलेच नाही. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात राबलेले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर मात्र उतारवयात विरारच्या एका मळ्यात राहिले आणि 2016 साली एकामागून एक गेले. मळा नसला तरी आपल्याला अंगण आहे, असे मी सौ.ला म्हणालो. तिने होकार दिला, पण माझ्यावर नव्हे, कुत्र्यावर विश्वास ठेवून!

ह्याला विकणार नाही, पैदाशीला लावणार नाही, कोणत्याही कामाला जुंपणार नाही, असे स्टँपपेपरवर लिहून दिले. हवालदार साताऱ्याकडचा. त्याने जेवणाच्या वेळा सांगितल्या, हुकूम सांगितले (ते सगळे इंग्रजीत; मराठीच्या प्राध्यापकाच्या घरात इंग्रजी समजणारा एवढा एकच जीव, आणि तो त्यापलीकडे ऐकायला तयार नाही), कंबर दुखते म्हणून गुळगुळीत फरशीवर चालवू नका म्हणून बजावले आणि एक पिशवी हातात दिली. मग हळूच म्हणाला, "सर, आता त्याला आत घ्या. माझी पाठ त्याला दिसाया नको."

आठ दिवस रॉकी फाटकाशी बसून राहिला. घरभर काथ्याच्या चटया पसरून आम्हीच अडखळू लागलो. भेटायला येणारा प्रत्येक जण धर्मराजाच्या कुत्र्याची गोष्ट सांगून जाई, आणि रॉकी त्याची पिशवी हुंगून जाई. मुंबईहून आलेल्या माझ्या मेव्हण्याची बॅग त्याने तीनदा तपासली. आत चकल्या होत्या. मला वाटे, बिचाऱ्याची खोड जात नाही, जाईल हळूहळू. आता त्याने आराम करावा. निवृत्त माणसाला आपण नाही का हेच सांगत?

दिवाळी आली. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी शेजारच्या मुलांनी फटाक्यांचे खोके आमच्या ओसरीवर ठेवले. फटाक्यांना कुत्री भितात, तेव्हा रॉकीला आतच ठेवावे, असा आमचा विचार चालला होता. तेवढ्यात तो स्वतःच बाहेर आला, खोक्याला एक फेरी घातली आणि त्याच्यासमोर ताठ बसला. हूं नाही की चूं नाही. एकटक माझ्याकडे पाहत राहिला.

मी हाक मारली, हलला नाही. पट्टा ओढला, हलला नाही. सौ.ने बेसनाचा लाडू पुढे केला, त्याने तोंड फिरवले. मुले हसू लागली. अर्धा तास झाला, तास झाला. दुखरी कंबर थरथरू लागली, तरी बैठक मोडेना. डॉक्टरांना बोलवावे की काय, अशी वेळ आली. शेवटी मी हवालदाराला फोन लावला. त्याची तोवर आसामात बदली झाली होती.

त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "खोक्यात काय हाय सर?"

"फटाके."

"मग बरोबर हाय की! दारूचा वास आला की बसायचं, हात लावायचा न्हाई, भुंकायचं न्हाई. त्येनं काम केलंय. आता त्येचा पगार द्या! पिशवीत चेंडू दिलावता बघा."

तो चेंडू म्हणजे दातांनी सोलवटलेला, कळकट रबरी गोळा. सौ.ने तो माळ्यावर टाकला होता. मी शिडी लावली, तो शोधला आणि टाकला. त्यानंतर अंगणात जे धावले ते नऊ वर्षांचे कुत्रे नव्हते, पिल्लू होते. मी मात्र ओसरीच्या पायरीवर बसून राहिलो. इतके महिने तो इमानाने पिशव्या तपासत होता आणि मी त्याला खोड म्हणत होतो.

तेव्हापासून स्टँपपेपरवरचे वचन मी मोडत आलो आहे. दर रविवारी एक लवंगी फटाका जास्वंदीखाली, कधी पायपुसण्याखाली लपवतो. तो हुडकतो, बसतो, पगार घेतो. मेव्हण्याच्या बॅगेतही एकदा फटाका ठेवला होता. ते त्यांना अजून ठाऊक नाही.

यंदा पावसाळ्यात त्याची कंबर फारच धरली. बागेपर्यंत जाववत नाही. दिवसभर चटईवर पडून असतो. गेल्या रविवारी मी फटाका चटईच्याच कडेखाली सरकवला, म्हटले, पडल्यापडल्या सापडेल. त्याला तो लगेच लागला. नाकपुड्या हलल्या, मान वर झाली. पण खूण द्यायची ती बसून, आणि बसायचे तर आधी उठायला हवे. त्याने पुढचे पाय रोवले. मागचे घसरले. मी आधार द्यायला वाकलो तर त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी हात मागे घेतला.

तिसऱ्या खेपेस तो उठला. क्षणभर उभा राहिला, आणि मग नीट, ताठ बसला. चेंडू माझ्या हातात केव्हापासून तयारच होता.