हरणांचे स्वभाव

हरिण म्हटलें कीं भित्रेपणा, ही सांगड आमच्या वाङ्मयांत इतकी रुळलेली आहे, कीं तिजविषयीं कोणास शंका घ्यावीशी वाटत नाहीं. सिंहास शौर्य, कोल्ह्यास कावा आणि हरणास भीति अशी वांटणी करून कथाकार मोकळे झाले. कवींनींही बावरलेल्या सुंदरीस हरिणी म्हणून आपलें काम भागविलें. जात सांगितली म्हणजे व्यक्तीविषयीं बोलण्याचें कारण उरत नाहीं, असा या साऱ्यांचा समज दिसतो.

या समजाचा पडताळा आम्हांस आला तो आयर्लंडांत. डब्लिन शहरीं कांहीं आठवडे मुक्काम पडला असतां तेथील फीनिक्स पार्कमध्यें रोज सकाळीं फिरावयास जाण्याचा आमचा परिपाठ असे. सुमारें ७०७ हेक्टरांच्या या उद्यानांत, सतराव्या शतकांत शिकारीसाठीं आणलेल्या फॅलो जातीच्या हरणांचे वंशज आजही मोकळे हिंडतात. कित्येकांच्या कानांस रंगीत बिल्ले असल्यामुळें एकेक हरिण ओळखतां येतें. चार-सहा दिवसांतच आमच्या ध्यानांत आलें, कीं वाटसरूच्या पिशवीकडे मान लांबवून येणारीं हरणें बहुधा तींच असत, आणि झाडाआड थबकून पाहणारींही तींच.

युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिन येथील संशोधकांनीं याच कळपाविषयीं २०२२ सालीं जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत आमच्या निरीक्षणास आधार मिळाला. शेंकडा सुमारें २४ हरणें नेहमीं मागावयास येणारीं, ६८ प्रसंगोपात्त येणारीं व ८ क्वचितच जवळ फिरकणारीं, अशी वर्गवारी त्यांस आढळली. धीट हरिण कधीं बुजतच नाहीं, असा याचा अर्थ नव्हे. कुत्रें अंगावर आलें तर सारींच उधळतात; भूक, ऋतु, पिलाची काळजी यांनीं प्रत्येकाचें वर्तन बदलतें. परंतु भीतीचें मान कमीजास्त झालें तरी त्यांच्यामधील क्रम सहसा ढळत नाहीं. काल जें शेजाऱ्याहून धीट होतें, तें आजही त्याहून धीटच असतें.

हा स्वभाव केवळ संवयीनें जडतो, असेंही दिसत नाहीं. जून महिन्यांत जन्मलेलीं पिलें पहिले कांहीं दिवस उंच गवतांत निपचित पडून असतात. बिल्ला लावण्यासाठीं त्यांस धरिलें असतां कोणाचें हृदय फार जोरानें धडधडतें, कोणाचें तितकें नाहीं. सोडतांच कोणी पळ काढतें, कोणी तेथेंच दबून राहतें. तेंच पिलूं पुन्हां हातीं लागलें तर बहुधा तोच प्रकार दिसतो.

कळपास दोन्ही स्वभावांचा उपयोग आहे. धिटास नवें कुरण लवकर सांपडावें आणि संकट आलें असतां सावधाचा जीव वांचावा, असा हा निसर्गाचा तोल आहे. माणसानें पुढें केलेला पावाचा तुकडा हा तोल बिघडवितो. सदैव मागणाऱ्या माद्यांचीं पिलें जन्मतःच वजनानें अधिक भरतात, असें त्या संशोधकांस आढळलें. वजनदार पिलूं तगण्याचा संभवही अधिक. तेव्हां कोणाचा वंश वाढावा याचा निवाडा सहलीस आलेल्या मंडळीची पिशवी नकळत करूं लागते. ‘भीड भिकेची बहीण’ अशी आमच्यांत म्हण आहे. तेथें ती उलटी झाली: ज्यांस भीड नाहीं तींच भीक मागतात आणि पुष्ट होतात.

देणाऱ्यास वाटतें कीं आपण हरणांस खाऊं घालतों. जें जवळ आलेंच नाहीं तें त्याच्या हिशेबांतच नसतें. घरांत चार मुलें असलीं म्हणजे मागणाऱ्याच्या हातावर खाऊ आधीं पडतो व कोपऱ्यांतलें मूल समंजस ठरतें, हा अनुभव कोणत्या कुटुंबांत नाहीं? उद्यानाचे व्यवस्थापक लोकांस हरणांपासून ५० मीटर दूर राहण्याची विनंती करतात. आमच्या मतें तो नियम झाडाआड उभ्या राहणाऱ्या हरणांच्या विशेष हिताचा आहे, आणि मुलांस घेऊन तेथें जाणाऱ्यांनीं त्याचें कारण मुलांस अवश्य समजावून सांगावें.